निगेटिव्ह स्कॅनिंगमधील ग्रेन आणि नॉइज

जुनी निगेटिव्ह स्कॅन करून चित्र मोठे केले की आकाशात, गालांवर, भिंतींवर एक रवाळपणा दिसतो. तो दोन ठिकाणांहून येतो. फिल्मच्या इमल्शनमधून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थरातून, येणाऱ्या रवाळपणाला ग्रेन म्हणतात आणि स्कॅनरच्या सेन्सर व इलेक्ट्रॉनिक्समधून मिसळणाऱ्याला नॉइज. ग्रेन छायाचित्राचा स्वतःचा असतो, नॉइज ही यंत्राची भर. दोन्ही दिसायला इतके सारखे की नॉइज काढायला बसलेला माणूस बऱ्याचदा चेहऱ्याचा पोतच पुसून टाकतो.

कृष्णधवल फिल्मच्या जिलेटीनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक असतात. प्रकाश लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, काळी चांदी होते. एकेक स्फटिक साधारण एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आगेमागे, म्हणजे साध्या भिंगालाही न दिसणारा. डोळ्यांना जाणवतात ते थराच्या खोलीत एकावर एक आलेले, एकमेकांत मिसळलेले चांदीचे पुंजके. रंगीत निगेटिव्हमध्ये धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे मऊ कडांचे ठिपके उरतात. म्हणून तिचा ग्रेन तितका टोकदार नसतो. जलद, म्हणजे कमी प्रकाशातही चालणाऱ्या, फिल्मचे स्फटिक मोठे, त्यामुळे ग्रेनही ठळक. मुदत उलटून गेल्यावर वापरलेल्या फिल्मवर धुरकटपणा चढतो आणि तो ग्रेन आणखी वाढवतो.

नॉइज कुठे साचतो हे पाहण्यासारखे आहे. निगेटिव्हवर आकाश किंवा पांढरा सदरा हा सर्वांत काळा भाग. तिथून सेन्सरपर्यंत सर्वांत कमी प्रकाश पोहोचतो, सिग्नल दुबळा पडतो आणि चित्रातले काळे-पांढरे उलटवल्यावर नॉइज नेमका उजळ भागात येऊन बसतो. स्लाइडमध्ये, म्हणजे सुलट चित्र असलेल्या फिल्ममध्ये, तोच सावल्यांत सापडतो.

दोघांना वेगळे ओळखण्याची पक्की रीत आहे. फिल्म जागची न हलवता तीच फ्रेम दोनदा स्कॅन करावी आणि आकाशाचा एकच तुकडा दोन्हींत आलटून पालटून पाहावा. जे ठिपके जागच्या जागी राहतात तो ग्रेन. जे दर खेपेला जागा बदलतात तो नॉइज. अनेक स्कॅनची सरासरी काढण्याची पद्धत याच फरकावर चालते. १६ स्कॅनच्या सरासरीने यादृच्छिक नॉइज चौथ्या हिश्शावर येतो, ग्रेन मात्र तसाच राहतो.

रिझोल्यूशनचा गोंधळ याहून फसवा. २४०० डीपीआयला (एका इंचात इतके ठिपके) एक पिक्सेल फिल्मवरचे सुमारे १०.६ मायक्रॉन व्यापतो, ४००० डीपीआयला ६.३५. ग्रेनचा पोत पिक्सेलपेक्षा बारीक असला तर तो नीट टिपला जात नाही आणि फिल्मवर मुळात नसलेला जाडाभरडा ग्रेन चित्रात उमटतो. याला ग्रेन अलायझिंग म्हणतात. अशा वेळी शक्य तितक्या उंच रिझोल्यूशनला स्कॅन करून नंतर चित्र लहान करणे बरे. स्कॅन करतानाच शार्पनिंग (कडा धारदार करण्याची सोय) चालू ठेवणे ही माझ्या मते सर्वांत महाग चूक आहे, कारण ते आधी ग्रेनलाच धार लावते आणि ती धार पुढे उतरवता येत नाही.

स्कॅनरचा दिवाही फरक पाडतो. समांतर किरणांचा प्रकाश चांदीवर विखुरतो, कॉन्ट्रास्ट वाढतो आणि ग्रेनसोबत ओरखडेही उठून दिसतात. पसरट प्रकाशात ते दबतात. या परिणामाला कॅलियर परिणाम असे नाव आहे. धूळ शोधणारी इन्फ्रारेड सोय नेहमीच्या रंगीत निगेटिव्हवर उत्तम चालते, पण चांदी इन्फ्रारेड अडवते. कृष्णधवल निगेटिव्हवर ही सोय वापरली तर स्कॅनर चित्रालाच धूळ समजून पुसू लागतो.