स्वतंत्र सर्किटवरील महिला मल्ल

कोणत्याही एका मोठ्या कंपनीशी कायमचा करार न करता, प्रत्येक लढतीचा मोबदला त्या त्या आयोजकाशी ठरवून गावोगावच्या आखाड्यांत किंवा रिंगमध्ये उतरणारी व्यावसायिक स्त्री कुस्तीगीर. रिंगच्या जगात अशा कारकिर्दीला ‘इंडी’ म्हणण्याचा प्रघात आहे. ऑलिंपिकमधील महिला कुस्ती (2004, अथेन्सपासून) हा स्वतंत्र विषय होय. तिथे निकाल गुणांवर किंवा चितपटीवर लागतो आणि खेळाडू राष्ट्रीय संघटनेमार्फत स्पर्धेत येते. व्यावसायिक रिंगमधील निकाल मात्र बहुधा आधी ठरलेला असतो. मातीच्या मैदानात अशा लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि तो मल्लावरचा गंभीर आरोप ठरतो. हा भेद आधी सांगणे भाग आहे, कारण विसाव्या शतकात स्त्री-मल्लांची वाट अडवण्यासाठी हाच आरोप वापरला गेला. प्रस्तुत नोंदीत गोमंतक आणि त्याला लागून असलेल्या कोल्हापूर, बेळगाव व विजयनगर या प्रदेशांचा विचार केला आहे.

प्राचीनत्व : या प्रदेशातील मोबदला घेणाऱ्या स्त्री-मल्लांचा सर्वांत स्पष्ट जुना उल्लेख पोर्तुगीज कागदपत्रांत सापडतो. फेर्नांव नुनिश हा घोड्यांचा व्यापारी विजयनगरात सुमारे तीन वर्षे राहिला. त्याचा वृत्तांत सर्वसाधारणपणे 1535 ते 1537 या काळातला मानतात. विजयनगरचा राजा अच्युतराय याच्या राजवाड्यात चार हजारांवर स्त्रिया राहत असल्याचे तो सांगतो आणि त्यांची कामे मोजताना नर्तकी, पालखी वाहणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या, ज्योतिषी, वाड्याच्या आतला खर्च लिहिणाऱ्या, राज्यकारभाराच्या वह्या राखून त्या बाहेरच्या लेखकांच्या वह्यांशी ताडून पाहणाऱ्या आणि गाणे-वाजवणे करणाऱ्या स्त्रियांची यादी देतो. 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर विजयनगरला जाणाऱ्या घोड्यांच्या व्यापारात या बंदराचे महत्त्व वाढले होते. हा वृत्तांत आणि दोमिंगो पाइश याचा त्याआधीचा (सु. 1520–22) वृत्तांत पोर्तुगालला एकत्र गेले, ते 1537 च्या सुमारास. त्यांची हस्तलिखित प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दाव्हिद लोपिश यांनी ती 1897 मध्ये लिस्बनला छापली आणि रॉबर्ट स्यूएल यांच्या 1900 मधील इंग्रजी भाषांतरामुळे ती भारतीय अभ्यासकांपर्यंत पोहोचली.

नुनिशच्या या उल्लेखाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पहिला अर्थ असा की, ही अंतःपुरातील करमणूक होती आणि व्यवसाय म्हणावा असे तिच्यात काही नव्हते. दुसरा अर्थ असा की, या स्त्रिया हिशेबनीस व ज्योतिषी यांच्याप्रमाणेच वेतन घेणाऱ्या नोकरदार होत्या. वाक्याचा क्रम पाहता दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. नुनिश इथे वाड्यातील कामांची यादी देत आहे, आणि लेखनिक स्त्रियांना सेवक मानून त्यांच्याच ओळीतील मल्ल-स्त्रियांना केवळ शोभेच्या मानण्याला मजकुरात आधार दिसत नाही. मात्र नुनिश वाड्याच्या आत कितपत गेला होता ही शंका रास्त आहे. यादीचा मोठा भाग त्याने ऐकून लिहिला असावा. पाइशने महानवमीच्या उत्सवातील मल्लयुद्ध स्वतः पाहिले होते. आपल्या देशातील (पोर्तुगालमधील) कुस्तीसारखी ही कुस्ती नाही, इथे ठोसे इतके जबर बसतात की दात पडतात व डोळे जायबंदी होतात, असे तो लिहितो. ही लढत वज्रमुष्टीच्या (मुठीत टोकदार शस्त्र धरून ठोसे मारण्याच्या मल्लयुद्धाच्या) जवळची असावी. त्याच्या वर्णनातले मल्ल पुरुष आहेत. नुनिशच्या स्त्रिया याच पद्धतीने लढत की केवळ पकडीची कुस्ती खेळत, हे त्याच्या एका वाक्यावरून ठरवणे धाडसाचे होईल.

त्याआधीचा आधार अप्रत्यक्ष आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सु. 1129–31) मल्लविनोद नावाचे प्रकरण असून त्यात मल्लांचे वय व ताकदीनुसार ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल असे वर्ग, त्यांचा आहार, मेहनत आणि राजासमोरची लढत यांचे तपशील आहेत. गोव्याचा कदंब राजा जयकेशी दुसरा हा सोमेश्वराचा मेहुणा, म्हणजे विक्रमादित्य सहावा याची कन्या मैलालदेवी हिचा पती होता. चालुक्य दरबारातील मल्लविनोदाची पद्धत गोपकपट्टण या गोव्याच्या कदंबांच्या राजधानीतही माहीत असावी, असे अनुमान त्यावरून करता येते. त्यापलीकडे जाऊ नये.

हमीदा बानू : आधुनिक काळात या प्रकारच्या कारकिर्दीचे भारतातील ठळक उदाहरण हमीदा बानू यांचे आहे. त्यांचा जन्म अलीगढ परिसरातील पहिलवानांच्या घराण्यात झाला. जन्मवर्षाबद्दल एकमत नाही. काही ठिकाणी विसाव्या शतकाचा आरंभ, तर काही ठिकाणी 1920 च्या आसपासचे वर्ष दिले जाते. 1944 मध्येच त्यांची लढत पाहायला मुंबईत वीस हजारांच्या घरात लोक जमले होते, हे लक्षात घेता आणि पन्नाशीच्या दशकातील त्यांचा जोम पाहता नंतरचे वर्ष अधिक जुळते. मुंबईची ती लढत गुंगा पहिलवानाशी ठरली होती. त्याने ऐनवेळी मोबदला व तयारीची मुदत वाढवून मागितल्याने ती रद्द झाली आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाची मोडतोड केली. प्रतिस्पर्धी, आयोजक आणि तिकीटधारक या तिघांवर विसंबून राहण्याचा स्वतंत्र मल्लाचा धोका इतक्या लवकर इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

1954 च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर आव्हान दिले की, जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. जाहिरातीच्या दृष्टीने हे आव्हान अतिशय प्रभावी होते. परंतु कारकिर्दीची सगळी चर्चा पुढे त्या एका वाक्याभोवतीच फिरत राहिली, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे, कारण त्यांच्या कुस्तीचे वर्णन करणारा मजकूर त्यामानाने फारच थोडा छापला गेला. मे 1954 मध्ये बडोद्यात बाबा पहिलवान यांच्याशी झालेली लढत त्यांनी 1 मिनिट 34 सेकंदांत निकाली काढली. त्या लढतीसाठी आधी छोटे गामा पहिलवान यांचे नाव होते. त्यांनी माघार घेतली. त्याच वर्षी मुंबईत वेरा चिस्तिलिन या रशियन स्त्री-मल्लाशी झालेली लढत एका मिनिटाच्या आत संपली. वर्तमानपत्रांनी त्यांची उंची 5 फूट 3 इंच, वजन 108 किलो आणि दिवसभराचा आहार दूध व अंड्यांच्या हिशेबासह छापला.

या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग दक्षिण महाराष्ट्रातला आहे. शाहू महाराजांच्या काळापासून कुस्तीची पेठ ठरलेल्या कोल्हापुरात हमीदा बानूंनी शोभासिंग पंजाबी याला हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगडफेक केली आणि पोलिसांना बोलवावे लागले. लढत बनावट असल्याचा ओरडा झाला. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली जोड शहरातील कुस्तीच्या नियामक संस्थेने हरकत घेतल्याने रद्द झाली. हमीदा बानूंनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांना मिळालेले उत्तर असे होते की, लढतींवरची बंदी स्त्री म्हणून घातलेली नाही. आयोजक त्यांच्यासमोर नावापुरते प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आल्याने ती घातली आहे. यावर एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याच वर्षांत मुंबईत परदेशी व पंजाबी पुरुष मल्लांच्या फ्री-स्टाइल लढती तिकिटे लावून भरत होत्या आणि त्यांच्या निकालांविषयीही लोकांत कुजबुज होतीच. तरीही त्या चालू राहिल्या. सरकारी उत्तरातील कारण खरे असू शकते, पण ते एकाच बाजूला लागू झालेले दिसते.

पुढे युरोपच्या दौऱ्याचा बेत त्यांनी जाहीर केला आणि त्यानंतर त्या कुस्तीतून दिसेनाशा झाल्या. त्यांचे वस्ताद सलाम पहिलवान यांनी मारहाण करून त्यांचा दौरा रोखला, अशी हकीकत कुटुंबातील एकाने नंतर सांगितली आहे. दोघांचे लग्न झाले होते की नाही यावरही घरच्यांतच दोन मते आहेत. उत्तरायुष्य कल्याणमध्ये गेले. दूध विकून व खोल्या भाड्याने देऊन त्या गुजराण करीत. त्यांचे निधन 1986 मध्ये झाले. 4 मे 2024 रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र दिले.

इतरत्र : अमेरिकेत मिल्ड्रेड बर्क (1915–89) यांनी जत्रांतील तंबूंत पुरुषांशी पैजेच्या कुस्त्या खेळून सुरुवात केली आणि 1937 पासून विश्वविजेतेपद सांभाळले. योगायोग असा की, 1954 हे वर्ष त्यांच्याही कारकिर्दीला वळण देणारे ठरले. 20 ऑगस्टला अटलांटात जून बायर्स यांच्याशी झालेली लढत वादग्रस्त रीतीने थांबली. न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीवरची बंदी 1972 मध्ये उठली. जपानमध्ये 1968 पासून केवळ स्त्रियांची कंपनी उभी राहिली.

रिंगचे तंत्र : मातीतून रिंगमध्ये आलेल्या मल्लाला सर्वांत अवघड जाते ते पडणे. तालमीतील हौदात तांबडी माती चाळून त्यात तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती मऊ ठेवतात. तिथे पाठ टेकली की कुस्ती संपली, म्हणून वर्षानुवर्षे शरीराला पाठ वाचवण्याची सवय लागलेली असते. एकेरी पटातून (एक पाय पकडून पाडण्याच्या डावातून) सुटताना मल्ल कुशीवर वळतो, पोटावर जातो, मान वाकवून पूल बांधतो, पण पाठ देत नाही. रिंगमध्ये नेमके उलट करावे लागते. रिंगचा चौथरा साधारण 16 ते 20 फूट चौरस असतो. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फोमचा पातळ थर आणि वर ताणलेले कॅनव्हास अशी त्याची रचना असते. पडताना हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा सपाट भाग आणि दोन्ही हात एकाच क्षणी टेकवायचे, म्हणजे धक्का पसरतो. याला ‘बंप’ म्हणतात. हनुवटी सुटली तर डोके आपटते. कोपर टेकले तर खांद्याला इजा होते. निकाल ठरलेला असला तरी पडणे खरे असते, आणि उचलणारीच्या पकडीवर उचललेलीची मान अवलंबून असते. म्हणून लढत ‘खोटी’ म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अपुरे आहे. दोघींपैकी नायिका कोण (‘फेस’) आणि खलनायिका कोण (‘हील’) हे प्रेक्षकांना पहिल्या दोन मिनिटांत कळले पाहिजे, हे कामही त्यांनाच अंगविक्षेपांतून करावे लागते.

स्वतंत्र सर्किटवर मोबदला लढतीगणिक मिळतो. प्रवासाचा खर्च पुष्कळदा त्यातूनच करावा लागतो. नावाचे टी-शर्ट व सही केलेली छायाचित्रे विकून मिळणारी रक्कम कित्येकदा मानधनापेक्षा महत्त्वाची ठरते. दुखापत झाली की उत्पन्न थांबते.

भारतातील अलीकडचा काळ : दलीपसिंग राणा (‘द ग्रेट खली’) यांनी 2015 मध्ये जालंधरला प्रशिक्षण केंद्र व कंपनी काढली. हरियाणातील कविता देवी या 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतील भारोत्तोलनाच्या सुवर्णपदक विजेत्या होत्या. त्या तिथे शिकल्या. सलवार-कमीज घालून त्यांनी प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटल्याचे 2016 मधील चित्रीकरण फार पाहिले गेले. 2017 मध्ये त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या ‘मे यंग क्लासिक’ या महिला स्पर्धेत भाग घेतला, त्याच वर्षी करार केला, एप्रिल 2018 मध्ये कंपनीच्या रेसलमेनिया या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात त्या उतरल्या आणि 2021 मध्ये करार संपला. छोट्या रिंगमधून मोठ्या कंपनीत आणि तिथून बाहेर, हा प्रवास जगभरच्या इंडी मल्लांच्या वाट्याला येतो. दरम्यान मातीच्या व गादीच्या कुस्तीत स्त्रियांना मान्यता मिळत गेली. मार्च 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेत्या ठरल्या.

गोमंतक : स्वतंत्र मल्लाला पोसणारी व्यवस्था म्हणजे यात्रेचे मैदान. कोल्हापूर-बेळगावकडे देवाच्या यात्रेला जोडून दुपारी हलगीच्या तालावर कुस्त्या लागतात, जोड ठरते, इनाम जाहीर होते. गोव्याच्या जत्रेत रात्र नाटकाची असते, पेडण्याकडे दशावताराची. मोबदला घेऊन बाहेरून येतात ते नट व वादक. झुंज पाहण्याची हौस गोव्यात होतीच, पण ती ‘धिरियो’ या बैलांच्या झुंजीकडे वळली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 1996 मध्ये तिच्यावर बंदी घातली. गोव्यात कुस्तीचे मैदान न रुजण्याला राजकीय कारणही होते. हमीदा बानूंच्या भरभराटीच्या काळात गोवा पोर्तुगीजांकडे होता. 1955 मध्ये भारताशी असलेली रेल्वे वाहतूक थांबली आणि 19 डिसेंबर 1961 पर्यंत सीमा ही खरोखरच सीमा राहिली. बेळगावहून चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून मल्लांच्या जोड्यांनी सहज गोव्यात यावे, अशी ती वर्षे नव्हती. त्यानंतर राज्याचे क्रीडाजीवन प्रामुख्याने फुटबॉलभोवती वाढले.

26 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर 2023 या काळात 37 वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरली आणि तीत महिलांच्या कुस्तीचे गटही होते. सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांतील मराठी घरांतल्या मुलींसाठी सीमेपलीकडच्या तालमी आजही सर्वांत जवळच्या आहेत. रिंगचे शिक्षण घ्यायचे तर मात्र राज्याबाहेर दूर, जालंधरसारख्या ठिकाणी राहून ते घ्यावे लागते.