हलव्याचे दागिने : परातीपासून गुंफणीपर्यंत

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने घालण्याची आणि बोरनहाणात बाळाला हलव्याचा मुकुट, हार, बासरी यांनी सजवण्याची रीत मराठी घरांत रुजलेली आहे. या दागिन्यांच्या गुंफणीचे कौतुक होते, ते योग्यच आहे. परंतु त्यांचे निम्मे श्रेय परातीला द्यायला हवे, कारण हलव्याला काटा आला नाही तर दागिन्याची सगळी शोभाच जाते.

हलव्याच्या पोटात तीळ, खसखस, साबुदाणा, शेंगदाणा किंवा लवंग असते. साखरेचा पाक उकळताना त्यात थोडे दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची आणि राखेने झाकलेल्या निखाऱ्यांवर परात ठेवून तिच्यातल्या दाण्यांवर हा नितळ पाक चमचा-चमचा सोडत ते बोटांनी सतत फिरवत राहायचे, अशी ही जुनी घरगुती कृती आहे. आधीचा पाक सुकल्याखेरीज पुढचा चमचा घालायचा नाही, हा तिचा मुख्य नियम. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर हलवा पिवळा पडतो आणि जोरात हात फिरला तर आलेला काटा मोडतो. प्रत्येक थर सुकताना दाण्यावरच्या बारीक उंचवट्यांवर साखर साचत जाते आणि त्यातूनच काटा उभा राहतो. त्यासाठी हवा कोरडी आणि थंड लागते, म्हणून पौषातली थंडी या कामाला मानवते. ढगाळ, दमट दिवसांत मात्र अनुभवी हातालाही काटा सहज साधत नाही. मनासारखा टपोरा हलवा व्हायला कित्येक दिवस लागत, आणि घरातल्या बायका आळीपाळीने परातीशी बसत.

साखरेचे दाणे असे थराथराने वाढवण्याची कला केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. 1548 साली गोव्यात आलेला पोर्तुगीज जेझुइट लुईस फ्रॉइस पुढे जपानला गेला आणि 1569 साली त्याने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून अशीच साखरेची मिठाई भेट दिली. जपानमध्ये ती कॉम्पेइतो या नावाने टिकून आहे आणि तिच्या दाण्यांवरचे उंचवटे पाहून मराठी माणसाला हलवाच आठवतो.

या साऱ्याला पांढरी साखर भरपूर लागते, आणि महाराष्ट्रातल्या सामान्य घराचा गोडधोडाचा भार दीर्घकाळ गुळावरच होता. 1932 च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर देशात कारखाने झपाट्याने वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साखरेवर नियंत्रण आले, आणि त्यानंतर प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. हलव्याच्या दागिन्यांची हौस सर्व थरांत पसरली, तिच्यामागे रूढीइतकाच साखरेच्या या उपलब्धतेचाही वाटा आहे, असे मला वाटते.

गुंफणीची रीतही समजून घेण्याजोगी आहे. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, कारण तो फुटतो. म्हणून दुपदरी दोऱ्यात एकेक दाणा धरून त्याच्या दोन्ही बाजूंना गाठ मारली जाते, आणि दोरा काट्यांत अडकून दाणा जागीच राहतो. गुळगुळीत दाणा असा टिकत नाही. मंगळसूत्र, तन्मणी, नथ, पाटल्या, बाजूबंद हे खऱ्या दागिन्यांचे घाट त्यातून उभे राहतात. बाजूबंदासारख्या रुंद दागिन्याला मागून पुठ्ठा आणि सोनेरी कागद लावतात. जावयासाठी हार आणि हलव्याने मढवलेला नारळ असतो, आणि अलीकडे हलव्याचे मनगटी घड्याळही दिसू लागले आहे.

शेगडी गेली, गॅसची आच परातीला तितकीशी मानवेना आणि परातीशी दिवसच्या दिवस बसण्याची सवडही उरली नाही, तेव्हा हलवा करण्याचे काम हळूहळू घराबाहेर गेले. आता तो बहुतेक ठिकाणी फिरत्या यंत्रात तयार होतो. गुंफण मात्र आजही हातानेच होते. दादरला किंवा पुण्याच्या तुळशीबागेत तयार संच मिळतात, आणि ते घरी करून देणाऱ्या स्त्रिया संक्रांतीच्या बऱ्याच आधीपासून मागण्या घेऊ लागतात. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हेच दागिने ओल लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, कागदाच्या घड्यांमध्ये अलगद बसवून पाठवले जातात.