बोरन्हाण आणि नडियादची बोरं

वडोदऱ्यात जानेवारीत एखाद्या मराठी घरातून सोसायटीत निरोप जातो, "रविवारी बाळाचं बोरन्हाण आहे, संध्याकाळी मुलांना घेऊन या." बोरन्हाण म्हणजे काय, तर बाळाच्या डोक्यावरून बोरं ओतायची, एवढं सांगून झालं की शेजारच्या गुजराती मासी हळूच विचारतात, "केम, बाबो बोलतो नथी?" बाळ जेमतेम आठ महिन्यांचं. ते बोलणार काय! आई गोंधळते आणि मासी काळजीने बाळाकडे बघत राहतात. उलटही होतं. पौषातली पुनव झाली की गुजराती पेपरात नडियादच्या मंदिरात बोरं उधळणाऱ्या गर्दीचा फोटो येतो आणि दांडिया बाजारातल्या एखाद्या काकू म्हणतात, "बघा, यांच्यातही बोरन्हाण असतं."

दोघींचा घोटाळा समजण्यासारखा आहे. महिना तोच, फळ तेच आणि दोन्हीकडे मधोमध एक लहान मूल. तरी एक आहे मुलाचं कौतुक आणि दुसरी आहे नवसाची फेड. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचे सगळे फरक आपोआप उलगडतात.

आधी आपलं. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. बाळाची पहिली संक्रांत मुख्य, पण हौस असेल तर पाचव्या वर्षापर्यंत चालतं. बाळाला काळं झबलं किंवा काळा फ्रॉक घालायचा. एरवी लहान मुलाच्या अंगाला काळं लागू न देणाऱ्या आज्याही या दिवशी काळ्या कापडाचा आग्रह धरतात, कारण थंडीत काळं कापड ऊब धरतं. त्यावर हलव्याचे दागिने. मुलगा असेल तर मुकुट, हार, बाजूबंद आणि कृष्णाची बासरी. मुलगी असेल तर बिंदी, बांगड्या, कंबरपट्टा. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, आणि मग आई पहिली वाटी डोक्यावरून ओतते. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, गाजराचे तुकडे, चुरमुरे, रेवड्या, बत्तासे, तिळाचा हलवा. हे सगळं सतरंजीवर पसरलं की जमलेली पोरं त्यावर तुटून पडतात. लूट ज्याच्या हाती लागेल त्याची. ज्याच्यासाठी हा सगळा थाट, ते मात्र बहुतेक वेळा भेदरून रडत असतं किंवा मुकुट ओढून त्यातला हलवा चाटत असतं.

यामागची एक कथा करी नावाच्या राक्षसाची. त्याची वाईट दृष्टी मुलांवर पडू नये म्हणून पहिलं बोरन्हाण कृष्णाला घातलं, असं सांगतात. मला स्वतःला यात कथेपेक्षा ऋतूच जास्त दिसतो. शेतात आणि बाजारात या महिन्यात जे काही येतं, ते सगळं मुलाच्या अंगावरून एकदा घरंगळतं आणि आळीतल्या मुलांच्या खिशात जातं. त्यात मागणं असं काही नसतं. बाळ ठणठणीत असो की किरकिरं, बोलकं असो की मुकं, बोरन्हाण सगळ्यांचं सारखंच.

दागिन्यांच्या त्या हलव्याबद्दल इथेच सांगतो, कारण तो आता विकत आणायची वस्तू झाला आहे आणि करणारे हात कमी होत चालले आहेत. मंद आचेवर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, त्यावर साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. पाक थर-थर सुकतो आणि दाण्याला काटा येतो. घाई केली की गोळा होतो, आच वाढली की पिवळा पडतो. हवा थंड आणि कोरडी असेल तर काटा चांगला फुटतो. म्हणून हे काम पहाटेचं, आणि तेही बरेच दिवस पुरणारं.

आता नडियाद. वडोदऱ्याहून अहमदाबादच्या रेल्वेने आणंद ओलांडलं की पुढचं मोठं स्टेशन. सरदार पटेलांचा जन्म 1875 मध्ये याच गावात झाला. गावाच्या मधोमध संतराम महाराजांच्या समाधीचं मंदिर आहे. तिथे अखंड ज्योत तेवते आणि भाविक एकमेकांना 'जय महाराज' म्हणतात. ज्या मुलाला वेळेवर बोलणं येत नाही, जे बोबडं किंवा अडखळत बोलतं, त्याच्यासाठी आईवडील इथे नवस बोलतात. गुजरातीत त्याला 'बाधा' म्हणतात, म्हणजे मराठी कानाला भलतंच काही वाटणारा शब्द. मूल बोलू लागलं की पोषी पूनमला, म्हणजे पौषी पौर्णिमेला, यथाशक्ती बोरं घेऊन यायचं आणि मंदिराच्या आवारात उधळायची. माणसं झोळ्या, ओढण्या, टोप्या पसरून ती झेलतात आणि प्रसाद म्हणून घरी नेतात. एका दिवसात तिथे बोरांचा अक्षरशः सडा पडतो.

बोरं कुठून कुठे जातात ते बघा. बोरन्हाणात ती मुलाच्या डोक्यावर येतात. नडियादला ती मुलाच्या नावाने गर्दीत जातात. तिथे मूल पाटावर बसलेलं नसतं. ते कडेवर असतं, किंवा आईचं बोट धरून उभं. आणि बऱ्याचदा ते सात-आठ वर्षांचंही असतं, कारण नवस फिटायला वेळ लागलेला असतो. त्याला दागिने नाहीत, काळे कपडे नाहीत, औक्षण नाही. बोरन्हाणाला घर लागतं, हळदीकुंकवाला आलेल्या बायका लागतात, आळीतली पोरं लागतात. नडियादला लागते समाधी आणि अनोळखी माणसांची गर्दी. बोरन्हाण एखाद्या वर्षी राहून गेलं तर आजी चार दिवस कुरकुरते आणि विसरते. फेडायचा नवस मात्र कुणी विसरत नाही.

कालगणनेतही हे दोघं वेगळ्या घोड्यांवर बसलेले आहेत. संक्रांत सूर्याची, म्हणून 14 किंवा 15 जानेवारीच्या आसपास स्थिर. पोषी पूनम चंद्राची, म्हणून ती पुढेमागे होते. 2024 मध्ये ती 25 जानेवारीला आली, म्हणजे ऐन बोरन्हाणांच्या दिवसांत. 2025 मध्ये 13 जानेवारीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. 2026 मध्ये 3 जानेवारीला, संक्रांतीच्या बरीच आधी. ज्या वर्षी दोन्ही जवळ येतात त्या वर्षी गोंधळ जास्त, आणि खंडेराव मार्केटात बोरांचा भावही जास्त. शिवाय वडोदऱ्यात 14 आणि 15 ही उत्तरायण आणि वासी उत्तरायण. अख्खं गाव अगाशीवर पतंगांत. त्या दिवशी बोरन्हाणाला बोलावलं तर पोरं येणार नाहीत, त्यांचे बापही येणार नाहीत. म्हणून इथली मराठी घरं बोरन्हाण पुढच्या शनिवार-रविवारी ठेवतात, आणि रथसप्तमीपर्यंतची सवलत कामाला येते.

घोळ अजून वाढवायला नडियादलाच एक तिसरा प्रकार आहे. माघी पौर्णिमेला त्याच मंदिरात साकरवर्षा होते. संतराम महाराजांच्या समाधीच्या स्मरणार्थ खडीसाखर आणि सुकं खोबरं उधळतात. तिचा मुलांच्या बोलण्याशी संबंध नाही. बोरं पौषात, साखर माघात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आणि पोषी पूनमला गुजराती घरांत भावासाठी बहिणींचा उपासही असतो. चंद्र उगवला की बाजरीच्या भाकरीला भोक पाडून त्यातून मुली चंद्राकडे बघतात आणि भावाला विचारतात, "भाईनी बेन जमे के रमे?" म्हणजे भावाच्या बहिणीने जेवायचं की खेळायचं? भावाने "जमे" म्हटलं की जेवायचं. त्याला "रमे" म्हणायचा मोह होतोच. आपल्याकडे त्याच दिवशी शाकंभरी पौर्णिमा, म्हणजे देवीला भाज्यांचा नैवेद्य.

गायकवाडांबरोबर आलेली मराठी घरं इथे जवळपास तीनशे वर्षं आहेत, त्यामुळे दोन्ही रीती एकाच घरात नांदताना दिसल्या तर नवल नाही. पहिल्या वर्षी बोरन्हाण झालेलं मूल तीन वर्षांचं होऊनही बोलेना, तर त्याच मासींच्या सल्ल्याने आजी नडियादचा नवस बोलते. त्यात मला वावगं काही वाटत नाही. फक्त नवसाआधी, निदान नवसासोबत, मुलाचे कान तपासून घ्यावेत. ऐकू कमी येत असेल तर बोलणं मागे पडतं, आणि ते जितकं लवकर कळेल तितका उपाय सोपा. दोन वर्षांचं मूल साधारणपणे दोन शब्द जोडून बोलतं, "पाणी दे", "बाबा गेले" असं. तसं होत नसेल तर पौर्णिमेची वाट बघू नये. आणि वडोदऱ्यात हमखास ऐकू येणारं निदान, की घरात मराठी, दारात गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि बालवाडीत इंग्रजी म्हणून पोर गोंधळलंय, ते खरं नाही. अनेक भाषा कानावर पडल्यामुळे मूल बोलायचं राहत नाही. एखाद्या भाषेतले शब्द थोडे कमी असतील, पण सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर हिशेब जुळतो.

अलीकडे बोरन्हाणात वाढदिवसाची खोई बॅग शिरली आहे. छताला टांगायची, दोरी ओढायची, चॉकलेटं खाली. काहींना हा भ्रष्टाचार वाटतो. मला दोरी खटकते ती वेगळ्या कारणाने. वाटीने ओतताना आई, आजी, मामी, शेजारीण अशा प्रत्येकीचा हात बाळाच्या डोक्यावरून फिरतो, तो या दोरीमुळे जातो. टांगून फोडायचाच हट्ट असेल तर मेक्सिकोवाल्यांकडून नीट तरी शिकावं. तिथे 16 ते 24 डिसेंबर या नऊ रात्रींत पिन्याता टांगतात, जुन्या पद्धतीत मातीच्या मडक्यावर रंगीत कागद लावून सात टोकांची चांदणी केलेली. मुलांचे डोळे बांधतात, काठी देतात. सात टोकं म्हणजे सात पापं, आणि फुटल्यावर आतून पडतो तो देवाचा प्रसाद. आत काय असतं? उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, संत्री आणि तेहोकोते नावाचं बोराएवढं पिवळट फळ. यादी वाचून कुणालाही बोरन्हाण आठवेल, पण तो योगायोग. गंमत पुढे आहे. भुईमूग मूळ दक्षिण अमेरिकेचा, तो आपल्याकडे आला. ऊस आशियातला, तो कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत तिकडे नेला. म्हणजे आपल्या सतरंजीवरची शेंग त्यांची आणि त्यांच्या मडक्यातला ऊस आपल्या बाजूचा.

वाटीत काय घालायचं, याबद्दल एक सूचना आहे. लुटायला येणारी पोरं मोठी असतात, पण पाटावरचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. शेंगदाणा, हरभरा, बोराची आठळी किंवा कडक गोळी पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. बाळावर फक्त चुरमुरे आणि बत्तासे ओतावेत, बोरं-शेंगा-घाटे त्याला उचलून घेतल्यावर सतरंजीवर पसरावेत. बोरं घेताना मोठी अ‍ॅपल बोरं घेऊ नयेत, ती डोक्याला लागतात. लहान चणीबोरं मागावीत, आणि हरभऱ्याचे घाटे हवे असतील तर भाजीवाल्याकडे 'जींजरा' म्हणावं. मासींनी पुन्हा "बाबो बोलतो नथी?" विचारलंच, तर "ना मासी, आ तो अमारी संक्रांतनी मजा छे" एवढं सांगून त्यांच्या हातात वाटी द्यावी.