कागद लाकडावर कसा चढला

लाकडाचा ठोकळा काचकागदाने घासून गुळगुळीत करायचा, त्याला रंगाचा एक हात द्यायचा, नक्षीचा कागद मापाने कापून चिकटवायचा आणि सुकला की वरून वार्निश लावायचं. दोन-तीन तासांत होणारं हे काम आज फावल्या वेळचा छंद मानलं जातं. पण त्यात लागणाऱ्या चार गोष्टी, म्हणजे कागद, छापील चित्र, चिकटवायचं द्रव्य आणि वार्निश, फार वेगवेगळ्या काळात सामान्य घरात पोचल्या. त्यातली एकेक स्वस्त होत गेली, तसतसं हे काम कारागिराच्या हातून घरातल्या माणसांच्या हाती आलं.

कागदाचं श्रेय परंपरेने चीनच्या हान दरबारातल्या त्साय लुन या अधिकाऱ्याला दिलं जातं. इ.स. १०५ मध्ये त्याने झाडाची साल, वाख, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांपासून केलेला कागद सम्राटापुढे ठेवला. कान्सू प्रांतातल्या फांगमातान इथे नकाशा काढलेला कागदाचा एक तुकडा सापडला आहे, तो याहूनही सुमारे अडीच शतकं जुना आहे. म्हणजे त्साय लुनने शोध लावला असं म्हणण्यापेक्षा त्याने कृतीची घडी बसवून दिली असं म्हणणं योग्य. ती कृती तत्त्वतः आजही तीच आहे. तंतू कुटून लगदा करायचा, तो भरपूर पाण्यात सोडायचा, जाळीच्या साच्याने उचलायचा आणि पाणी निथळून सुकवायचं.

कागद लिहिण्यासाठी वापरला गेला तसा फार लवकर कापण्यासाठीही वापरला गेला. वायव्य चीनमधल्या तुर्फानजवळच्या अस्ताना इथल्या कबरींमध्ये सहाव्या शतकातल्या गोल कागदकामाचे नमुने सापडले आहेत. कागद अनेक वेळा दुमडून कापायचा आणि उलगडला की नक्षी सगळ्या बाजूंनी सारखी दिसायची, अशी ही पद्धत. त्या भागातल्या कोरड्या हवेमुळे ते टिकले. ओलसर प्रदेशात असं काम झालं असेल, तरी ते उरण्याची शक्यता कमीच होती.

कागद आणि लाकूड यांची सगळ्यात भव्य जोडी जपानमध्ये जमली. सम्राज्ञी शोतोकूच्या आज्ञेने इ.स. ७६४ ते ७७० या काळात कातकाम करून घडवलेले दहा लाख छोटे लाकडी स्तूप तयार झाले आणि प्रत्येकाच्या पोकळीत छापील बौद्ध मंत्राची एक सुरळी ठेवली गेली. हे स्तूप दहा मोठ्या मठांना वाटले. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत या सुरळ्यांची गणना होते. मला हे काम विशेष वाटतं ते त्याच्या संख्येमुळे. एकच छोटी वस्तू पुन्हा पुन्हा, तितक्याच निगुतीने करायची, हा हस्तकलेचा गाभा तिथे राज्याच्या पातळीवर दिसतो.

पुढे कागद समरकंद, बगदाद आणि स्पेन या वाटेने इटलीत पोचला. तेराव्या शतकात फाब्रियानोच्या कागद्यांनी त्याला जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसाचा लेप द्यायला सुरुवात केली, त्यामुळे शाई फुटायची थांबली. तरीही कागद चिंध्यांपासूनच व्हायचा आणि चिंध्यांचा तुटवडा कायमचा. म्हणून युरोपात कागदाचा तुकडा वाया घालवणं परवडत नसे.

या टंचाईतच कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करण्याची कला वाढली. ख्रिस्ती मठांमधल्या जोगिणी सोनेरी कडांच्या बारीक पट्ट्या वळून संतांच्या अवशेषांभोवती मांडत. दुरून पाहणाऱ्याला ते सोन्याच्या तारेचं जाळीकाम वाटे. कागदाने सोन्याची जागा घेतली, ती ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी. अशा कामाला नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. महाग वस्तूची रीत स्वस्त साहित्यात उतरवायची, तर त्या साहित्याचे गुण नव्याने शोधावे लागतात. गुंडाळलेल्या कागदाचा ताण आणि उभ्या कडेवर पडणारा प्रकाश या गोष्टी सोन्याच्या तारेत नाहीतच.

अठराव्या शतकात हेच लाकडावर घडलं. चीन आणि जपानमधून येणाऱ्या लाखेच्या पेट्या-कपाटांवर युरोप भाळला होता. पण ती लाख एका विशिष्ट झाडाच्या चिकापासून होते आणि ते झाड युरोपात नव्हतं. व्हेनिसच्या कारागिरांनी पर्याय काढला. छापील चित्रं कापायची, रंगवायची, लाकडावर चिकटवायची आणि वर वार्निशचे इतके थर चढवायचे की बोट फिरवल्यावर कागदाची कड जाणवू नये. या वार्निशांत चपडाही असे. तो लाखेच्या किड्याच्या स्रावापासून होतो, म्हणजे झाडाच्या चिकाची नक्कल कीटकाच्या स्रावाने झाली. आपण ज्याला डेकुपाज म्हणतो त्याची आजची पद्धत इथून आली आहे.

कारागिरांचं हे तंत्र घरात शिरायला वेळ लागला नाही. लंडनचे प्रकाशक रॉबर्ट सेयर यांनी १७६० च्या सुमारास दीड हजारांहून अधिक फुलं, पक्षी, किडे आणि देखावे असलेलं पुस्तक काढलं. ती चित्रं पाहण्यापेक्षा कापून वापरण्यासाठी छापलेली होती. त्याच काळात इंग्लंडमध्ये मेरी डेलनी यांनी १७७२ च्या सुमारास, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलझाडं करायला घेतली. पाकळीवरची सावलीसुद्धा त्यांनी कागदाच्या तुकड्यांनी साधली. नजर अधू होईपर्यंत, साधारण दहा वर्षांत, त्यांनी जवळपास हजार चित्रं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक मानली जातात. छंद म्हणून घरात केलेलं काम किती उंचीला जाऊ शकतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

सजवलेल्या ठोकळ्यांचा धागा मात्र दिवाणखान्यापेक्षा मुलांच्या शिक्षणातून अधिक आला. १६९३ मध्ये जॉन लॉक यांनी सुचवलं होतं की अनेक पैलूंच्या हस्तिदंती चेंडूवर अक्षरं चिकटवावीत, म्हणजे मूल खेळता खेळता वाचायला शिकेल. १७६० च्या दशकात लंडनमधले नकाशे कोरणारे जॉन स्पिल्सबरी यांनी महोगनीच्या पातळ फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवतीने कापला. जोडचित्राच्या खेळाची ही सुरुवात. कागद आधी चिकटवायचा आणि मग लाकडासकट कापायचा, ही त्यांची युक्ती आजही कामाला येते. कड स्वच्छ निघते आणि कागद मापाबाहेर राहत नाही.

सर्वांत मोठा बदल घडवला तो जर्मन शिक्षक फ्रीडरिश फ्रोबेल यांनी. १८३७ मध्ये त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या साहित्यात आठ छोट्या घनांचा मिळून झालेला एक लाकडी घन होता आणि त्याच्या जोडीला कागदाच्या घड्या, कागदाचं विणकाम, कात्रणकाम होतं. लाकूड आणि कागद एकाच टेबलावर, एकाच शिस्तीत आणण्याचं काम आधी कुणी इतक्या विचारपूर्वक केलं नव्हतं. फ्रोबेल यांचे ठोकळे सजवलेले नव्हते, मुद्दाम कोरे ठेवले होते. आकार मुलाने पाहावा, चित्राने त्याची नजर अडवू नये, असा त्यामागचा हेतू.

प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या शाळांवर बंदी घातली. ती १८६० पर्यंत टिकली आणि तिचा परिणाम उलटाच झाला, कारण प्रशिक्षित शिक्षिका परदेशी गेल्या आणि पद्धत पसरली. १८७६ मध्ये तोक्योत बालवाडी सुरू झाली. तिथे फ्रोबेल यांच्या घड्या आणि जपानच्या स्वतःच्या जुन्या घड्या एकमेकींना भेटल्या. आज जगभर ओरिगामी म्हणून जे शिकवलं जातं, त्यात या भेटीचा मोठा वाटा आहे.

कोऱ्या ठोकळ्यावर चित्र चढवलं ते छपाईने. बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास दगडावरून छापण्याची रीत शोधली आणि १८३७ मध्ये गोडफ्रुआ एंगेलमान यांनी रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं. त्यानंतर रंगीत चित्राचा कागद इतका स्वस्त झाला की तो खेळण्यांवर चिकटवणं परवडू लागलं. सहाही बाजूंवर वेगवेगळ्या चित्रांचे तुकडे असलेले घन निघाले. ते फिरवून मांडले की त्याच ठोकळ्यांतून सहा चित्रं तयार होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आर. ब्लिस कंपनीची बाहुलीघरं आली. त्यांच्या विटा, खिडक्या, पडदे सगळं छापील कागदाचं होतं, आत साधं लाकूड. घरी ठोकळ्याचं छोटं घर सजवणारे आज नेमकं हेच करतात.

हा कागद स्वस्त झाला, त्याची किंमतही चुकवावी लागली. १७९९ मध्ये फ्रान्सच्या लुई-निकोला रोबेर यांनी सलग कागद काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हाती कागद करताना साचा दोन्ही दिशांना हलवतात, म्हणून तंतू आडवेतिडवे बसतात. यंत्रावर जाळी एकाच दिशेने धावते आणि बहुतेक तंतू तिच्या दिशेने पडतात. तंतू ओला झाला की लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतो, म्हणून यंत्राचा कागद खळ लागताच एका दिशेने जास्त ताणला जातो. ठोकळ्यावर फुगे आणि सुरकुत्या येतात त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, चिकटवणाऱ्याच्या हातात नाही. कागदाचा छोटा तुकडा एका बाजूने ओला केला की तो वळून त्याची नळी होते, आणि नळीची लांबी ज्या दिशेला तीच तंतूंची दिशा. ती दिशा लाकडाच्या रेषांना समांतर ठेवली की दोघं एकाच बाजूला फुगतात आणि आक्रसतात.

दुसरी किंमत रंगाची. १८४० च्या दशकात फ्रीडरिश गोटलोब केलर यांनी लाकूड भरडून लगदा करण्याची रीत काढली आणि चिंध्यांची टंचाई संपली. पण त्या लगद्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उरतं, ते उजेडात पिवळं पडतं. तुरटी आणि राळेच्या लेपामुळे कागदात आम्लही राहू लागलं. कागद ठिसूळ होण्यामागे हे आम्ल आहे, हे विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं. हस्तकलेच्या चांगल्या कागदावर आज आम्लरहित असं लिहिलेलं असतं ते यामुळे. ठोकळा वर्षानुवर्षं ठेवायचा असेल, तर वर्तमानपत्राच्या कागदापासून दूर राहिलेलं बरं.

शेवटी उरलं चिकटवणं. पिठाची खळ किडींना आवडते आणि ओलीत बुरशी धरते. सरस गरमच वापरावा लागतो. १९१२ मध्ये जर्मनीचे फ्रिट्झ क्लाटे यांनी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट तयार केलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा पांढरा गोंद घरोघरी आला. तो थंडच लावता येतो, सुकल्यावर पारदर्शक होतो. अमेरिकेत जॅन वेटस्टोन यांनी १९६७ मध्ये मॉड पॉज हे मिश्रण काढलं. चिकटवायला, कागद बंद करायला आणि वर लेप द्यायला तेच चालतं. व्हेनिसच्या कारागिराचं अनेक दिवसांचं वार्निशकाम त्यामुळे एका संध्याकाळीत बसू लागलं. त्या जुन्या थरांची खोली यात येत नाही, हे मान्य करायला हवं.

इथवर कारखान्याने नवं काही काढलं की घरातल्या माणसांनी ते उचललं, असाच क्रम होता. अलीकडे तो एकदा उलटला. जपानमधल्या कुराशिकी इथली कामोई काकोशी कंपनी १९२३ मध्ये माशा पकडणारे चिकट कागद बनवत सुरू झाली आणि पुढे रंगाऱ्यांसाठी मास्किंग टेप बनवू लागली. २००६ मध्ये ती टेप हस्तकलेत वापरणाऱ्या तीन स्त्रियांनी कारखाना पाहू द्यावा अशी विनंती केली आणि टेपचे अधिक रंग हवेत असं सुचवलं. कंपनीने ऐकलं. एक-दोन वर्षांत वाशी या जपानी कागदाची रंगीत टेप बाजारात आली, आणि आता ठोकळ्याच्या कडा झाकायला ती जगभर वापरली जाते.