गॅस गिझर पेटून लगेच का विझतो?

कळंगुट, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत पावसाळा सरता सरता ही तक्रार हमखास येते: गिझर पेटतो आणि चार-पाच सेकंदांत विझतो. सिलिंडर भरलेला असतो. दोष बहुधा ज्योत ओळखणाऱ्या सळईत असतो.

ज्योतीतून अगदी थोडी वीज वाहू शकते. बर्नरवरच्या या बारीक सळईतून तो प्रवाह मिळाला नाही, तर ज्योत नाही असे धरून आतले सर्किट गॅसचा व्हॉल्व्ह मिटते. सळईवर काजळी किंवा गंज चढला की प्रवाह अडतो. तिच्या चिनीमातीच्या बुडाला खारी ओल धरली की तो पत्र्यात निसटतो. रेग्युलेटर बंद करून सेल काढा, गिझर निवू द्या. मग सळईवर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, चिनीमाती कोरड्या फडक्याने पुसा. सळईचे टोक ज्योतीत बुडेल असेच हवे. चिनीमाती तडकली असेल तर सळईच बदला.

टकटक ठिणगीच येत नसेल, तर आधी सेल पाहा. दीड व्होल्टचे दोन नवे सेल मिळून 3 व्होल्ट भरतात. दमट हवेत सेलच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो, तो खरवडा. त्यानंतर पाणी. पाण्याच्या दाबाने रबरी पडदा फुगतो, पिन सरकते आणि मायक्रोस्विच (छोटे बटण) दबतो, तेव्हाच ठिणगी पडते. वरच्या मजल्यावर टाकी दोनच मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम 0.2 बार भरतो, त्यावर बरेच गिझर काठावरच चालतात. त्यात विहिरीच्या पाण्यातली तांबडी माती आत येणाऱ्या पाण्याच्या जाळीत बसली की संपलेच. जाळी काढून धुवा.

बराच वेळ चालून मग बंद पडत असेल, तर आधी घड्याळ पाहा: अनेक गिझर 20 मिनिटांनी आपोआप थांबतात. त्याआधीच थांबत असेल, तर तांब्याच्या टाकीवरचा उष्णतेचा स्विच जास्त तापून सर्किट तोडत असतो. थंड असताना मल्टिमीटरवर तो जवळपास शून्य ओहम दाखवतो. मेकॅनिक कधी त्याच्या दोन वायरी सरळ जोडून देतात. तसे मुळीच करू देऊ नका: पाणी कमी झाले तरी बर्नर जळत राहतो आणि नळातून उकळते पाणी, वाफ येते. पाणी का अडते, क्षार कुठे साचले, ते शोधायला सांगा.

यातला एकही स्विच कार्बन मोनॉक्साइड हा जळताना होणारा विषारी वायू ओळखत नाही. त्या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या भिंतीवरच बसवून घ्या. गॅसचा वास आला तर ठिणगी पाडून पाहू नका, विजेचे बटणही दाबू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन 1906 या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा.