पार्श्वभूमी: संरक्षण खर्चाच्या बिलात जंगलं आणि पार्क कुठून आले? (१२ डिसेंबर २०१४)

१२ डिसेंबर २०१४ ला अमेरिकेच्या सिनेटने संरक्षणाचं वार्षिक बिल ८९ विरुद्ध ११ मतांनी पास केलं. खालच्या सभागृहात ते आठवडाभर आधीच, ४ तारखेला, ३०० विरुद्ध ११९ ने झालं होतं. बातम्यांमध्ये सगळीकडे एकच आकडा होता, सुमारे ५८५ अब्ज डॉलर, आणि त्याखाली इराक, सीरियातल्या बंडखोरांना ट्रेनिंग, सैनिकांची १ टक्का पगारवाढ, जुनी ए-१० विमानं काढायची की ठेवायची, असं सगळं. पण त्याच बिलाच्या पोटात एक वेगळाच भाग होता, नवीन राष्ट्रीय उद्यानं, सुमारे अडीच लाख एकर नवीन राखीव रानं, चराईचे परवाने, जमिनींच्या अदलाबदली. संरक्षणाच्या बिलात जंगल काय करतंय हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि अॅरिझोनातल्या एका माळामुळे तो आजही विचारला जातोय, म्हणून हे जरा मागून सांगतो.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवायला पाहिजे, कारण यावर मराठीत जे थोडंफार लिहिलं गेलं त्यात हीच चूक दिसते. "५८५ अब्ज मंजूर केले" असं आपण म्हणतो, पण या बिलातून एक डॉलरही तिजोरीतून बाहेर पडत नाही. अमेरिकेत दोन वेगळी बिलं असतात. एक ऑथोरायझेशनचं, म्हणजे अमुक कामाला परवानगी, अमुक पर्यंत खर्च करायला हरकत नाही, शिवाय धोरणाचे नियम. दुसरं ॲप्रोप्रिएशनचं, म्हणजे प्रत्यक्ष पैसे. आपल्या विधानसभेत बजेटनंतर विनियोजन विधेयक येतं ना, ते झाल्याशिवाय सरकारला तिजोरीला हात लावता येत नाही, ते या दुसऱ्या प्रकारचं. २०१४ मध्ये तर क्रम उलटाच झाला, पैशांचं मोठं बिल सिनेटने १३ डिसेंबरला, म्हणजे परवानगीच्या बिलाच्या दुसऱ्या दिवशी, ५६ विरुद्ध ४० ने पास केलं, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली १६ ला, आणि परवानगीच्या बिलावर सही झाली १९ ला. म्हणजे पैसे आधी आणि परवानगी नंतर. हे एवढं सांगायचं कारण असं की पैसे नसलेलं हे बिल मुख्यतः नियमांचं बिल आहे, आणि नियमांच्या बिलात दुसऱ्या खात्याचे नियम घुसवणं सोपं जातं.

आणि ते दरवर्षी पास होतं. १९६१ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. बाकीची बिलं वर्षानुवर्षं कमिटीत पडून राहतात, सिनेटमध्ये एखाद्याने हरकत घेतली की जमिनीचं छोटं बिल अडकतं, कारण त्यावर दिवसच्या दिवस चर्चा करायला कोणालाच वेळ नसतो. मग सेशनच्या शेवटी सगळ्यांना माहीत असतं की गावातून सुटणारी शेवटची एसटी हीच, जे काही चढवायचं ते हिच्याच टपावर. २०१४ ला तर एसटी पण दुसऱ्याचीच होती. ज्या नंबरखाली हे बिल पास झालं, तो नंबर मुळात स्वयंसेवक फायरब्रिगेडवाल्यांना आरोग्यविमा कायद्यातून सूट देण्याच्या बिलाचा, आतला मजकूर काढून त्यात १,६०० च्या आसपास पानांचं संरक्षण बिल भरलं. सिनेटच्या कमिटीने उन्हाळ्यापूर्वी तयार केलेला मसुदा सभागृहात कधी चर्चेला आलाच नाही, दोन्ही कमिट्यांच्या चार प्रमुखांनी बसून तडजोड केली आणि ते तसंच्या तसं मतदानाला आलं.

आता जुना इतिहास, थोडक्यात. लष्कर आणि पार्क यांचं नातं २०१४ चं नाही. यलोस्टोन १८७२ मध्ये झालं, पण सांभाळायला पैसेच नव्हते, १८८६ ला संसदेने निधीच नाकारला तेव्हा घोडदळ बोलावलं गेलं आणि १९१८ पर्यंत तिथे सैनिकच शिकाऱ्यांना आणि आग लावणाऱ्यांना आवरत होते. यादवी युद्धाच्या रणभूमींची स्मारकं तर १९३३ पर्यंत युद्धखात्याकडेच होती. उलट्या दिशेने, दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर लष्कराने पश्चिमेकडची सरकारी जमीन सरावासाठी भराभर घेतली, त्याला चाप म्हणून १९५८ मध्ये कायदा झाला की ५,००० एकरपेक्षा जास्त जमीन लष्कराला हवी असेल तर संसदेची परवानगी लागेल. आणि १९६४ च्या कायद्याने रानांसाठी पण तसंच झालं, "वाइल्डरनेस", म्हणजे मी ज्याला राखीव रान म्हणतोय तो दर्जा, फक्त संसदच देऊ शकते. हे दोन कायदे एकत्र वाचले की बरंच कळतं, लष्कराची जमीन पण संसदेतून, राखीव रान पण संसदेतून, मग दोन्ही एका बिलात येणं फार लांबचं नव्हतं. २००६ च्या संरक्षण बिलात युटामधल्या सीडर माउंटन्सचं सुमारे एक लाख एकर असंच राखीव झालं. वर हवाई दलाचा सराव चालायचा, आणि खालून अणुकचरा नेणारा रेल्वेमार्ग होऊ नये हा उद्देश होता. एका दगडात दोन पक्षी.

२००९ च्या मार्चमध्ये एक मोठं एकत्रित जमीन बिल पास झालं, २० लाख एकर राखीव रान, आणि त्यानंतर जवळपास सगळं थांबलं. २०११-१२ ची संसद ही १९६६ नंतरची पहिली, जिने एक एकरही नवीन वाइल्डरनेस दिला नाही. डझनावारी बिलं, काही तर दोन्ही पक्षांना मान्य असलेली, गावागावातल्या शेतकरी-शिकारी-पर्यावरणवाल्यांनी दहा-दहा वर्षं बसून जुळवलेली, नुसती पडून. म्हणून २०१४ च्या डिसेंबरमध्ये जेव्हा दार उघडलं तेव्हा आत घुसायला एवढी गर्दी झाली.

आणि आत जे आलं त्यातलं बरंच खरोखर चांगलं होतं, हे आधीच कबूल करतो. न्यू मेक्सिकोत कोलंबाइन-होंडोचं ४५,००० एकर, माँटानात रॉकी माउंटन फ्रंट, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या नॉर्थ फोर्क खोऱ्यात नवीन खाणकाम आणि ड्रिलिंग बंद, लास वेगासच्या उत्तरेला मॅमथच्या जीवाश्मांचं टुले स्प्रिंग्स, न्यू मेक्सिकोतल्या व्हायेस काल्देरा या जुन्या ज्वालामुखीचं सुमारे ८९,००० एकर पार्कखात्याकडे. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनच्या नावाने राष्ट्रीय उद्यानं. आणि मॅनहॅटन प्रोजेक्टचं पार्क, लॉस अलामोस, ओक रिज आणि हॅनफर्ड, जिथे अणुबॉम्ब घडला त्या तीन जागा, संरक्षण बिलात शोभेल असं पार्क खरं तर हे एकच. दुसऱ्या बाजूला अलास्कात टोंगासच्या जंगलातलं सुमारे ७०,००० एकर आदिवासींच्या कॉर्पोरेशनकडे, ज्यावर पर्यावरणवाल्यांमध्येच दोन तट पडले.

आणि कलम ३००३, म्हणजे सुरुवातीला म्हटलेला अॅरिझोनातला माळ.

फिनिक्सला राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण यूएस ६० ने ग्लोबकडे जातात, सुपिरिअर गाव मागे पडलं की घाट चढून वर एक पठार लागतं, ओकची झाडं, मोठाले गोल दगड, साधं कॅम्पग्राउंड. ते ओक फ्लॅट. अपाची लोक त्याला चिचिल बिल्दागोतील म्हणतात. तिथे मुलींचे वयात येण्याचे चार दिवसांचे विधी होतात, ओकची फळं गोळा करतात. आणि जमिनीखाली सुमारे ७,००० फुटांवर तांबं आहे, उत्तर अमेरिकेतल्या अजून न खणलेल्या सर्वात मोठ्या साठ्यांपैकी एक.

इथे "पार्क" या शब्दाचा पण घोळ आहे. ओक फ्लॅट पार्क नाही, टोंटो नॅशनल फॉरेस्टचा भाग आहे, आणि नॅशनल फॉरेस्ट हे कृषिखात्याखाली येतं, तिथे लाकूडतोड, चराई, खाणकाम नियमाने चालतं. आपल्याकडे राखीव जंगल आणि राष्ट्रीय उद्यान यात जो फरक तसाच साधारण. पण ओक फ्लॅटच्या ७६० एकरांवर खास बंदी होती. १९५५ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या सरकारने हुकूम काढून ती जागा कॅम्पिंगसाठी राखली आणि खाणकामाला मनाई केली. १९७१ ला दुसऱ्या सरकारने तो हुकूम बदलला, खाणीचे दावे लावायची मनाई कायम ठेवली, पण जमीन अदलाबदलीत देता येईल असं केलं. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं असेल का माहीत नाही, पण कुंपणाला फाटक ठेवलं गेलं ते इथे. कारण बंदी होती सरकारी जमिनीवर. जमीनच खासगी झाली की बंदी कशावर?

दोन बहुराष्ट्रीय खाण कंपन्यांच्या भागीदारीने नेमकं तेच मागितलं. अदलाबदलीचं बिल पहिल्यांदा २००५ मध्ये आलं. मग परत, परत. ऑक्टोबर २०११ मध्ये खालच्या सभागृहात पास झालं तर सिनेटमध्ये थांबलं. २०१३ मध्ये मतदानाची तयारी होऊनही मागे घ्यावं लागलं, मतं नव्हती. म्हणजे नऊ-दहा वर्षांत हे बिल स्वतःच्या पायावर एकदाही दोन्ही सभागृहांतून गेलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जे उघड मतदानात जमलं नाही ते ५८५ अब्जांच्या आडोशाने एका आठवड्यात झालं, आणि ८९ सिनेटरनी सैनिकांच्या पगाराला हो म्हटलं तेव्हा त्यांनी ओक फ्लॅटलाही हो म्हटलं असं मोजलं गेलं.

सौदा असा होता: सरकारने ओक फ्लॅट धरून २,४२२ एकर द्यायचे, कंपनीने राज्यभरातल्या आठ तुकड्यांत मिळून सुमारे ५,३०० एकर द्यायचे. एकरांत बघितलं तर सरकारचा फायदाच दिसतो, आणि बाजूने बोलणारे हेच सांगतात, शिवाय रोजगार. सुपिरिअरची जुनी खाण १९९६ ला बंद पडल्यापासून गाव रिकामं होत गेलं, तिथल्या लोकांचं काम मागणं खोटं नाही आणि मी त्याला हलकं लेखत नाही. पण खाण कशी आहे ते पण बघा. खालून खडक फोडून तो स्वतःच्या वजनाने कोसळू द्यायचा आणि खालून माल काढत राहायचा, म्हणजे हळूहळू वरची जमीन खचते. सरकारच्याच अहवालात जवळपास ३ किलोमीटर रुंद आणि ३०० मीटरच्या वर खोल खड्डा पडेल असं आहे. विधीची जागा शेजारी सरकवता येत नाही. देवराई दुसऱ्या गावात नेता येते का, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला लागू नये.

आणि कलमातलं एक वाक्य, ज्यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. पर्यावरण परिणामाचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आत जमीन हस्तांतरित करायची. अहवालात काय निघालं यावर काही अवलंबून नाही. साधारणपणे अहवाल आधी, मग निर्णय, इथे निर्णय आधीच कायद्यात लिहिलेला आणि अहवाल म्हणजे फक्त घड्याळ सुरू करायचं बटन. अपाची जमातीशी चर्चा करायची अट पण त्याच कलमात आहे, पण नाही म्हणायचा अधिकार नसलेल्याशी चर्चा करून काय होणार. शेजारचा अपाची लीपचा कडा तेवढा वेगळा संरक्षित केला.

नंतरचं वेगाने घडलं. २०१६ मध्ये ओक फ्लॅट राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आलं, त्याने कलम बदललं नाही. १५ जानेवारी २०२१ ला, सरकार बदलायच्या पाच दिवस आधी, अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला आणि १ मार्चला नव्या सरकारने तो मागे घेतला. अपाचींच्या एका संघटनेने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर केस केली, मार्च २०२४ मध्ये अपील कोर्टाच्या मोठ्या पीठाने ६ विरुद्ध ५ ने ती नाकारली, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला, दोन न्यायमूर्तींनी त्याला विरोध नोंदवला.

मधल्या काळात संरक्षण बिलाची ही सवय तशीच राहिली. डिसेंबर २०१९ च्या बिलाने व्हाइट सँड्सला राष्ट्रीय उद्यान केलं, शेजारच्या मिसाइल रेंजशी जमीन बदलून, आणि त्यावर फारसं कोणी भांडलं नाही कारण दोघांनाही ते हवं होतं. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतलं मोठं जमीन-संरक्षणाचं बिल खालच्या सभागृहाने संरक्षण बिलात घातलं आणि शेवटच्या वाटाघाटीत ते काढून टाकलं गेलं. म्हणजे काय चढतं आणि काय उतरवलं जातं हे बंद खोलीतले मोजके लोक ठरवतात, २०१४ सारखंच.

ओक फ्लॅटचा अहवाल २० जून २०२५ ला पुन्हा प्रसिद्ध झाला आणि २०१४ च्या त्या वाक्यातले ६० दिवस परत सुरू झाले. मोजले तर १९ ऑगस्ट येतो. १८ ऑगस्टला अपील कोर्टाने हस्तांतरणाला तात्पुरती स्थगिती दिली.