पाळ कोणाची, जंगल कोणाचं: विदर्भातल्या गावांच्या हवामान कामाची पार्श्वभूमी

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आता हवामान बदलाचं नाव दिसायला लागलं, माझी वसुंधरा या सरकारी पर्यावरण अभियानवाले फोटो मागतात, पोकराच्या, म्हणजे हवामान बदलात शेती टिकवायच्या सरकारी प्रकल्पाच्या, मीटिंगा होऊन राहिल्या, आणि २०२४ च्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारात भंडारा जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला कार्बन न्यूट्रलचा पुरस्कार भेटला तेव्हापासून तर बरेच जण विचारतात का हे सगळं एकदम कुठून आलं. एकदम काही आलं नाही. नाव नवीन आहे, काम लय जुनं आहे, आणि मधल्या काळात ते काम मोडलं कसं हे समजल्याशिवाय आताच्या योजना पण समजत नाहीत म्हणून हे लिहून ठेवतो.

सुरुवात तलावापासूनच करावी लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पट्ट्यात साडेसहा हजारांच्या वर मालगुजारी तलाव आहेत, आपण मामा तलाव म्हणतो ते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी यातले बरेच बांधले, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन अशी रीत होती. नवेगाव बांध कोलू पाटलांनी बांधला असं आजही तिकडे कोणीही सांगते. जागा निवडायची त्यांची नजर जबरदस्त होती, गावाच्या वरच्या अंगाला तलाव, खाली धानाच्या बांध्या, एका तलावाचा सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी जायचा सांडवा, वाहिला का पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, तिथून पुढच्या गावच्या तलावात. पावसाआधी पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, दुरुस्त करायची, नहर साफ करायचा, ज्याच्या बांधीला पाणी जाते त्या घरचा माणूस कामाला पाहिजेच.

आता हवामानवाले जे सांगतात ना का पाऊस थोड्या दिवसात धो धो पडेल आणि मग मोठा खंड पडेल, त्याच्यावरचा उपाय हाच तर होता. धान गर्भात असताना पंधरा दिवस पाऊस गेला तर पीक जाते, तलाव भरलेला असला तर वाचते. एवढं साधं आहे ते.

मग मोडलं कधी? १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, गेली, ती जायलाच पाहिजे होती, त्याबद्दल वाद नाही, पण तिच्यासोबत तलाव पण सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधाऱ्याकडे गेले. पाणीपट्टी आली, लोक म्हणाले आमचा निस्तार हक्क, म्हणजे गावच्या वापराचा जुना हक्क, आहे पट्टी कसली, आणि या भांडणात पाळ दुरुस्त कोणी करायची हेच ठरलं नाही. सरकार म्हणे पैसे नाहीत, गाव म्हणे तलाव आता आमचा कुठे आहे. गाळ साचला, बेशरम हे तण वाढलं, काठावर अतिक्रमण झालं. माझ्या मते विदर्भातल्या सगळ्या हवामान कामाची किल्ली या एका गोष्टीत आहे, हक्क गेला का हात पण निघून जातात.

जिल्हा परिषदेची सुरुवात पण विदर्भाशी जोडलेली आहे बरं का. त्यासाठीची समिती १९६० मध्ये नेमली तिचे अध्यक्ष पुसद भागातले वसंतराव नाईक होते, १९६१ चा कायदा आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा चालू झाल्या. मग १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी, १९७७ चा कायदा, पाझर तलाव, नाला बांध. १९९२ मध्ये मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं, ते पण पुसदचेच. या कामांनी माणसं जगली हे विसरता येत नाही. पण मस्टरवर गाव आणि नकाशावर साहेब अशीच ती पद्धत राहिली, बांध कुठे घालायचा हे गावाला क्वचितच विचारलं.

उलट्या दिशेने गोष्ट घडली ती गडचिरोलीत. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांच्या विरोधात तिथे 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे पण त्यात होते. त्याच वातावरणात धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा गाव पुढे आलं, 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने अभ्यास गट चालवले, आणि निर्णय बहुमताने नाही तर सगळ्यांच्या सहमतीने घ्यायचा हे ठरवलं. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये त्यांना १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क भेटला, तरी बांबू विकायचा परवाना वनखात्याकडेच होता. त्यासाठी गाव भांडलं आणि २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा कुठे वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क भेटला. त्यांनी तर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण तेंदूसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात आणि जंगल मरते. रोख पैसा सोडायचा हा निर्णय गरीब गावाने स्वतः घेतला, मला वाटते यापेक्षा मोठं हवामान काम कोणतं नाही. मेळघाटाच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने उघड्या टेकड्यांवर जंगल परत आणलं, सीताफळं विकली, २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा पुरस्कार भेटला. यातल्या कोणत्याच गावाने सुरुवातीला हवामान बदल हा शब्द वापरला नव्हता.

तो शब्द आपल्याकडे खऱ्या अर्थाने आला तो २०१४ च्या आसपास. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने गहू, हरभरा, संत्रा सगळं झोपवलं. त्याच वर्षी राज्याचा हवामान कृती आराखडा तयार झाला, डिसेंबरमध्ये पाणी अडवायची जलयुक्त शिवार योजना जाहीर झाली. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली ती राज्यात फक्त तीन तालुक्यांत, त्यातला एक आपला अमरावती जिल्ह्यातला वरूड, जिथे संत्र्यासाठी बोअर खोल खोल जाऊन भूजल पार तळाला गेलं होतं. लोक उन्हात श्रमदानाला उतरले. जलयुक्तमध्ये मात्र बऱ्याच ठिकाणी नाला खोलीकरणावरच भर राहिला, कारण मशीनने काम लवकर दिसते, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंतचं माती अडवायचं काम मागे पडलं.

२०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून पोकरा आलं, विदर्भ-मराठवाड्यातले १४ आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांच्या वर गावांसाठी. यात गावाची संजीवनी समिती आणि गावाचाच आराखडा होता. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा मुद्दाम घेतला, अकोला, अमरावती, बुलढाण्याचा, तिथे विहिरीचं पाणी खारं म्हणून पावसाचं गोड पाणी शेततळ्यात साठवणं हाच मोठा आधार. मग २ ऑक्टोबर २०२० ला माझी वसुंधरा अभियान, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांच्या कामावर गावांना मार्क देणारं. चांगलं आहे, पण मार्कांसाठी जुलैत लावलेल्या झाडाला एप्रिलमध्ये पाणी कोण देणार हे आधी ठरलं पाहिजे.

कार्बनचं पण एक सांगायला पाहिजे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं. कोळसा आपल्या जिल्ह्यांत जळते, राख इथे पडते, वीज राज्यभर जाते. त्यामुळे आपल्या गावांकडून फक्त कार्बन कमी करायची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. गावाला पहिल्यांदा वाचायचं आहे, जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं, वावरं खरडून गेली.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, म्हणजे पैसा अगदीच नव्हता असं नाही. आणि काम कसं करावं हे दाखवलंय भंडारा-गोंदियाच्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायांनी. तलावातून बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळाची जमीन नांगरली, देवधानासारख्या स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या, मग मासे वाढले, पक्षी आले. नुसता जेसीबी लावून गाळ काढला तर या वनस्पती पण जातात आणि मासोळीला अंडी घालायला जागा उरत नाही. खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात गाळाचे घनमीटर असतात, वनस्पतीची ओळ नसते. तलाव जिल्हा परिषदेचा असला तरी ही ओळ आराखड्यात टाका म्हणून ठराव ग्रामसभा घेऊ शकते, येत्या ग्रामसभेत तलाव असलेल्या प्रत्येक गावाने तो घ्यावा आणि त्या ठरावावर ढिवर बायांच्या सह्या पहिल्या असाव्या.